गिरदावरीणबाईंची लाल शाई

निबंध सुधारायला घेतला की गाव बिघडतं, हे सत्यभामाबाईंना पुण्याच्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. तिथे प्राध्यापक कागदाच्या समासात प्रश्न लिहीत, मुली खोलीवर जाऊन रडत, पुन्हा लिहीत, आणि पुन्हा लिहिलेलं खरोखरच बरं असे. रडायला जागा आणि लिहायला दुसरा कागद, एवढ्यावर विद्या चालते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. हे मत बांधाबांध करून त्यांनी लग्नानंतर सिरसाळ्याला आणलं. भांड्याकुंड्यांबरोबर ते वाटेतच कुठे फुटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्यांचे यजमान त्रिंबकराव हे गिरदावर. म्हणजे घोड्यावरून गावोगाव हिंडायचं, कोणाच्या रानात काय उभं आहे, पाणी कुठे आहे, कोणाची जनावरं सरकारी कुरणात चरतात ते बघायचं आणि लिहून वर पाठवायचं, म्हणजे वरून सारा-दंड बसायचा. निजामाच्या राज्यात तहसीलदार देवासारखा. असतो म्हणतात, दिसत नाही. गिरदावर मात्र दिसतो. तो वेशीत दिसला की गावाला एकदम आपलं दारिद्र्य आठवे. त्रिंबकराव स्वतः इतके गरीब स्वभावाचे की घोड्यालाही ‘अहो’ म्हणतील. पण घोडा सरकारी होता आणि लोक घोड्याकडे बघत.

सत्यभामाबाईंच्या ओसरीवर दुपारी गावातल्या चार मुली शिकायला येत. बाईंचा एक कान मुलींच्या वाचनाकडे आणि दुसरा आतल्या पाळण्याकडे असे. बाळीला खोकला होता. तो साधा होता असं वैद्य म्हणत, शेजारच्या छबुबाई म्हणत, खुद्द बाळीलाही तसंच वाटत असावं. पण बाईंनी कॉलेजात शरीरशास्त्र वाचलं होतं, त्यामुळे त्यांचा कोणावरच विश्वास नव्हता.

या मुलींत एक मंजुळा. अर्जुनराव पाटलांची पुतणी. बाप गेलेला, आई वत्सलाबाई दिराच्या घरात राबून राहिलेली. मंजुळा बोलायला लागली की ओसरीवरच्या चिमण्या उडून जात. बैल कसा रुसतो, चुलती पीठ कुठे दडवते, विठ्ठलराव पुजाऱ्याला कीर्तनात झोप कशी लागते, सगळं हातवारे करून सांगे. हैदराबादेत मुलींचं एक वसतिगृह असलेलं विद्यालय होतं, तिथे मराठीही शिकवत. बाईंची एक मैत्रीण तिथे होती. तिने कळवलं की एक जागा आहे. मुलीनं ‘आमचे घर’ या विषयावर स्वतःच्या हातानं निबंध लिहून पाठवावा, आणि तो तिनेच लिहिला अशी तिथल्या सरकारी अंमलदाराची तसदीक, म्हणजे सहीनिशी खात्री, खाली असावी. ‘दस्तखतच ना,’ त्रिंबकराव म्हणाले, ‘करू की.’ माणूस घोड्यावर बसण्यापूर्वी किती सहज बोलतो!

बाई स्वतः पाटलांच्या घरी गेल्या.

‘वैनीसाहेब, तुमी म्हणता तर न्हाई कसं म्हणावं?’ अर्जुनराव म्हणाले.

हे बाईंनी होकार म्हणून घेतलं. वास्तविक ते एका अडचणीचं वर्णन होतं.

‘शाळेनं घेतली तर जाईल. न्हाई घेतली तर मांजरसुंब्याकडचं स्थळ हायच. लगीनसराईत उरकून टाकू. कसं बी झालं तरी पोरीचं चांगलंच.’

मांजरसुंब्याकडचा नवरामुलगा ‘मुलगा’ म्हणवून घेण्याच्या वयाचा राहिला नव्हता. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. हे ऐकताना वत्सलाबाई दाराआड उभ्या होत्या; त्यांच्या हातातली परात तेवढी दिसत होती, आणि ती हलत नव्हती. त्या दिवसापासून बाईंना मंजुळेच्या चेहऱ्यात बाळीचा चेहरा दिसू लागला. बाळी तेव्हा जेमतेम बसायला शिकली होती. पण काळजीला वय कळत नाही.

मंजुळेचा पहिला निबंध असा: ‘आमचे घर चांगले आहे. घरात माणसे आहेत. जनावरे आहेत. मला घर फार आवडते.’

एवढी बडबडी पोर, आणि कागदावर अशी मुकी! बाईंनी त्रिंबकरावांची लाल शाईची दौत घेतली आणि समासात मनापासून लिहिलं: ‘कोणती जनावरे? किती? त्यांची नावे काय? घरामागे काय आहे? कोण काय काम करते? सर्व स्पष्ट लिहावे.’ चौघींतल्या रतननं शेळीवर लिहिलं होतं, तिला विचारलं, ‘शेळी कशी आहे? रंग कोणता? दूध किती देते?’ आणि समाधानानं बाळीला काढा पाजायला उठल्या.

आता, लाल शाई सिरसाळ्यात एकाच दौतीतून येते हे गावाला पक्कं ठाऊक होतं. लाल शाईनं ज्याच्या कागदावर शेरा आला त्याचं नंतर काय झालं, हेही ठाऊक होतं. मुली कागद घेऊन घरी गेल्या. बाया घाबरल्या. बाप्ये एकमेकांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव तुपाची बरणी घेऊन दारात. ‘लेकराला खोकला हाय म्हणं. तूप लावा छातीला.’

बाईंचे डोळे भरून आले. गुरूची कदर अजून शिल्लक आहे, असं त्यांनी छबुबाईंना सांगितलं. छबुबाईंनी बरणी हलवून पाहिली आणि म्हणाल्या, ‘खोकल्याला येवढं तूप? हत्तीला झालाय का खोकला?’

त्रिंबकराव दौऱ्यावरून आले, त्यांनी बरणी पाहिली आणि मटकन खाली बसले. ‘कोणी दिलं? कावून दिलं?’ ते मूळचे इकडचेच. घाबरले की पुस्तकी भाषा सोडून देत. ‘अगं, ही बरणी तहसीलपर्यंत गेली तर माझी नोकरी तिच्यात बुडंल!’

तूप परत पाठवलं. म्हणीतलं तूप नुसतं जातं. हे परत आलं, आणि येताना दुसरी बरणी घेऊन आलं. कारण पाटलांनी आपल्या परीनं सरळ अर्थ लावला होता: साहेबांना कमी पडलं. ते परत केल्यावर गुळाची भेली आली. भेली परत केल्यावर गावात सुतकी शांतता पसरली. गूळ-तूप दोन्ही नको म्हणणारा अंमलदार सिरसाळ्याच्या इतिहासात झाला नव्हता. हा काय मागतोय कोण जाणे!

आणि मग सुधारलेले निबंध आले. रतनच्या शेळीवरच्या निबंधात एकच वाक्य होतं: ‘ती मेली.’ ती शेळी त्या वेळी बाईंच्याच कुंपणाचा पाला ओरबाडत होती. मंजुळेचा निबंध मोठा झाला होता:

‘मी मंजुळा, अर्जुनराव पाटील यांची पुतणी, राहणार सिरसाळा, लिहून देते की, आमचे घरी जनावरे नाहीत. जी दिसतात ती पाहुण्यांची आहेत. घरामागे काही नाही. घरामागे काही आहे असे जो म्हणेल तो आमच्या वाईटावर आहे. सदर निबंध राजीखुशीने लिहून दिला असे.’ खाली पंच म्हणून राधाकिशन वाण्याची सही आणि म्हाताऱ्या आजोबांचा अंगठा.

मान्य करायला हवं, पहिल्यापेक्षा हा निबंध मुद्देसूद होता. सुरुवात होती, शेवट होता, पुरावाही होता. पण हैदराबादच्या मुख्याध्यापिकेला आजोबांचा अंगठा पाठवून कसं चालेल?

‘हे कोणी सांगितलं लिहायला?’

‘काकांनी. लाल शाईला असंच उत्तर देत असत्यात, म्हणले.’

बाईंनी लाल शाई बंद करायचं ठरवलं, पण त्याआधी बाळीनं ठरवलं. पाळण्यातून उतरवलेली बाळी रांगत दौतीपर्यंत गेली आणि दोन्ही हात बुडवून तोंडात घातले. बाईंनी वळून पाहिलं तर लेकराच्या ओठांतून लाल धार! त्यांनी जी किंकाळी फोडली ती मारुतीच्या देवळापर्यंत गेली. आळी गोळा झाली. छबुबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, बायनाबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी म्हणालं उलथं धरा, कोणी म्हणालं हलवू नका. बाळी हसत होती आणि लाल हातानं सगळ्यांच्या लुगड्यांवर शेरे मारत होती. शाई आहे हे कळल्यावर छबुबाई म्हणाल्या, ‘बाई, येवढं शिकून रगत आन शाई वळखू येईना व्हय तुमाला?’ आईला प्रथम रक्तच दिसतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

तेव्हापासून शेरे काळ्या शाईत. गावानं त्याचा अर्थ असा लावला की, आधी चौकशी उघड होती, आता ती गुप्त झाली. मग बाईंनी शेरे लिहायचंच सोडलं. एकेका मुलीला आत माजघरात बोलावून तोंडी सांगू लागल्या. दोनच दिवसांत गावभर झालं की, गिरदावरीणबाई दार लावून जबान्या घेतात. मुली यायच्या थांबल्या. एकटी मंजुळा येत राहिली, कारण तिला न पाठवणं म्हणजे काहीतरी लपवणं, असा अर्जुनरावांचा हिशेब होता.

एवढ्यात तहसीलहून उर्दूत विचारणा आली: आपल्या घरी विनापरवाना मदरसा चालतो असे समजते, खुलासा करावा. त्रिंबकरावांनी अन्न सोडलं. मग अन्न खाल्लं आणि खुलासा लिहिला: घरी शाळा नाही; आमच्या कन्येशी खेळण्यास शेजारची एक मुलगी येते. तहसीलचं समाधान झालं. अशा रीतीनं पुण्यात शिकलेल्या सत्यभामाबाई कागदोपत्री एका रांगत्या मुलीच्या खेळगड्याची राखण करणाऱ्या बाई झाल्या. त्यांनी तो खुलासा मागून घेतला, वाचून दाखवायला लावला, आणि त्या दिवशी पोळ्या करपल्या.

निबंध पाठवायची मुदत जवळ आली. मांजरसुंब्याची माणसं येऊन पोर पाहून गेली. जाताना तिच्या दंडाला हात लावून बघितलं, बाजारात बघतात तसं, असं मंजुळेनं सांगितलं. हातवारे न करता सांगितलं. बाईंनी तिला त्या दुपारी ओसरीवर बसवलं. ‘घरी न्यायचा नाही. काकांना दाखवायचा नाही. मला जसं बोलून सांगतेस ना, तसंच लिही.’

मंजुळेनं लिहिलं. मान वर न करता, जीभ दातांत धरून, ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत.

‘आमच्या घरामागे नवी विहीर आहे. तिच्या तोंडावर फळ्या टाकून वर कडबा रचला आहे, म्हणून ती दिसत नाही, पण जवळ गेले की गार लागते. साहेबांचा घोडा यायचा असला की आमच्या म्हशी ओढ्याच्या खालच्या अंगाला नेतात. तिथे माझी आई त्यांच्याजवळ बसते. चुलतीला ऊन सोसत नाही. चंद्री म्हैस ओरडायला लागली की आई तिच्या तोंडाला मिठी मारते. साहेब जेवून गेले की कोणीतरी आईला बोलवायला जाते. एकदा कोणी गेले नाही. संध्याकाळी म्हशी आपल्या आपण घरी आल्या. त्यावरून सगळ्यांना आठवले की आई राहिली.’

बाईंनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. समासात लिहायला हातात लेखणी होती, पण लिहायला काही नव्हतं. कोणती जनावरं, घरामागे काय, कोण काय करतं, सगळं आलं होतं. कॉलेजातसुद्धा असं कोणी लिहिलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. त्यांनी मंजुळेला जवळ ओढलं. आणि मग त्यांना आठवलं की, या कागदाखाली दस्तखत करायचंय ते त्या घोड्यावरच्या साहेबांना.

जेवताना त्यांनी सहज विषय काढावा तसा काढला. ‘पाटलांकडे जेवून आलात त्या दिवशी दह्याचं फार कौतुक करत होतात.’

‘कवडी दही होतं.’

‘ज्या घरी म्हैस नाही, त्या घरी दही कुठून आलं?’

त्रिंबकरावांचा घास हातातच राहिला. ‘मी दही खाल्लं. चौकशी केली नाही.’

‘आणि ते कोणी लिहूनच दिलं तर?’

‘लिहून दिलं की मग ते दही राहत नाही,’ ते अगदी हळू म्हणाले. ‘मग ती खबर. मला वर पाठवावी लागंल. नाही पाठवली आन उद्या कोणी तोच कागद काढला तर खाली माझंच दस्तखत. पाटलावर दंड बसंल. आन पाटील तो दंड कोणाच्या पाठीवर वसूल करील, मला नको विचारू.’

विचारायची गरज नव्हती. बाईंना परात धरलेले हात दिसले.

‘न वाचता सही करा.’

‘माझ्या आधीच्यानं न वाचता केली होती,’ त्रिंबकराव म्हणाले. आधीच्याचं बिऱ्हाड कुठे गेलं हे सिरसाळ्यात कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मंजुळेला शेजारी बसवलं आणि विहिरीवर रेघ मारली.

‘हे खोटं हाय का बाई?’

‘नाही.’

‘मग लिहायचं चुकलं?’

‘नाही गं, बाळा. चांगलं लिहिलंयस.’

‘मग कावून काढायचं?’

‘आटोपशीर होतं,’ बाई म्हणाल्या. पुण्यात निदान तीन प्राध्यापकांनी त्यांना हाच शब्द ऐकवला होता. त्यांच्याही घरी कोणाच्या विहिरी होत्या की काय, असं त्यांना प्रथमच वाटून गेलं. म्हशींवर रेघ मारली. ओढा गेला. घोडा गेला. शेवटी आई बसली होती, ती एकटीच, कशाजवळ बसली हे न कळता. तिलाही उठवावं लागलं. ती ओळ मंजुळेनं स्वतः खोडली. बाईंचा हात थांबलेला पाहून तिनं लेखणी घेतली आणि शहाण्या विद्यार्थिनीसारखी, रेघ वाकडी न होऊ देता, खोडली.

उरलं ते एवढं: घराला पूर्वेकडे दार आहे, दारात तुळस आहे, सर्व गुण्यागोविंदाने राहतात. सुवाच्य अक्षरात पानभर होईल असं ते ऐसपैस लिहिलं. त्रिंबकरावांनी दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. ‘उत्तम! बोट ठेवायला जागा नाही,’ म्हणून त्यांनी दस्तखत ठोकलं.

शाळेनं मंजुळेला घेतलं. मुख्याध्यापिकेनं मुद्दाम कळवलं होतं की, इतक्या लहान वयात लेखनात असा संयम क्वचित आढळतो. अर्जुनराव पेढे घेऊन आले. हे मात्र परत पाठवायचं कोणाला सुचलं नाही. मांजरसुंब्याला निरोप गेला. मंजुळा बैलगाडीतून गेली तेव्हा वत्सलाबाई वेशीपर्यंत चालत आल्या आणि धुरळा बसला तरी तिथेच उभ्या राहिल्या. सगळ्या मुली पुन्हा ओसरीवर येऊ लागल्या. ‘तुमच्या हाताला गुण हाय बाई,’ छबुबाई म्हणाल्या. ‘पोरगी पानभर लिहिती आन काय बी सांगत न्हाई. आमच्या नातीला बी असंच शिकवा.’ एवढी कीर्ती सत्यभामाबाईंना आयुष्यात कधी मिळाली नव्हती. त्या आठवड्यात त्यांना ताप आला.

दिवाळीला मंजुळा घरी आली. दोन दिवसांनी वत्सलाबाई बाईंच्या परसदारी आल्या. पदर तोंडावर धरून म्हणाल्या, ‘बाई, तुमी इचारून बघा. वाळलीय. मला काय बी सांगंना. तुमाला सांगंल.’ आणि लेकीला आत पाठवून आपण दाराबाहेर जात्याच्या दगडावर बसल्या.

मंजुळा पाटावर नीट मांडी घालून बसली. हात मांडीवर. बाळी आता चालत होती, तिनं मंजुळेची वेणी ओढली. मंजुळेनं ती हळूच सोडवून घेतली.

‘कसं आहे गं तिथे?’

‘ठीक आहे.’ ‘हाय’ गेलं होतं.

‘मुली कशा आहेत?’

‘चांगल्या आहेत.’

‘जेवायला काय देतात?’

‘जेवण असतं.’

‘झोपायला? पांघरूण पुरतं का? कोणी रागावतं? रडतेस का गं कधी?’ बाईंना आपलाच आवाज समासात लिहिल्यासारखा वाटू लागला, पण थांबवेना. ‘अगं, मला तरी सांग. मी कोणाला काही बोलणार नाही.’

मंजुळेनं वर पाहिलं. राग नव्हता. खूप विचार करून तिनं विचारलं, ‘सांगितलं तर तुम्ही काय कराल, बाई?’

चुलीवर दूध होतं. सत्यभामाबाई ते बघायला उठल्या. दूध काही उतू जात नव्हतं. त्या तरीही तिथे उभ्या राहिल्या, मग चकलीचा डबा घेऊन आल्या. मंजुळेनं एक घेतली, आवाज न करता खाल्ली, खाली पडलेला चुरा बोटानं टिपून घेतला आणि ‘येते’ म्हणून पुढच्या दारानं गेली.

बाई परसदारी आल्या. वत्सलाबाई घाईनं उठल्या.

‘काय म्हणली?’

‘ठीक आहे म्हणाली.’

‘आन?’

बाईंनी बाळीला कडेवर घेतलं, तिचं नाक पुसलं, पदर सारखा केला. ‘चांगलं आहे म्हणाली सगळं.’

वत्सलाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ‘येवढंच इचारायला येवढा येळ लागला व्हय, बाई?’ म्हणाल्या, आणि पदर खोचून घराच्या वाटेला लागल्या.